चष्मा वाटप : होय

त्या दिवशी मी होडीतून उतरले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ओहोटी लागलेली, त्यामुळे शेवटची वीसेक पावलं चपला हातात घेऊन चिखलातून. वर कलमांच्या बागेत फवारणी चालली होती. पंपाचा घरघराट, मोहोराचा गोड वास आणि त्यात मिसळलेला औषधाचा कडवटपणा. देवगडच्या बाजूला फेब्रुवारी म्हणजे हाच वास. खाडीकाठची ती शाळा चौथीपर्यंतची, पट चौदा, गुरुजी दोघं आणि त्यातले एक त्या दिवशी प्रशिक्षणाला. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारी. माझ्या पिशवीत रकान्यांचा एक लांबलचक तक्ता होता आणि तो संध्याकाळपर्यंत भरून तालुक्याला द्यायचा होता. विद्यार्थ्यांसाठीच्या सगळ्या योजना एका कागदावर, प्रत्येकीपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’. गणवेश, होय. पाठ्यपुस्तकं, होय. जंतनाशक गोळी, होय. आरोग्य तपासणी, होय. चष्मा वाटप, संख्या एक, होय. गुरुजी नोंदी दाखवत होते, मी खुणा करत होते. नोंदी चोख होत्या. पोच होती, पोचेवर पालकाची सही होती, चष्मा हातात धरलेल्या मुलीचा फोटोसुद्धा होता.

मग मी मान वर केली. फोटोतली मुलगी समोरच बसली होती, चौथीतली, दोन वेण्या, पुस्तक हात लांब करून धरलेलं. नाकावर काही नाही.

“बाये, तुझो चष्मो खंय?”

“घराक आसा.”

“मगे घालणंस नाय तो?”

तिनं पुस्तक खाली ठेवलं आणि अगदी सरळ सांगितलं, “आजी घालता.”

वर्ग खदखदून हसला. गुरुजींचा चेहरा पडला. मीही हसले असेन. तक्त्यातली खूण मी खोडली नाही. खोडून काय लिहिणार? चष्मा आला होता, वाटप झालं होतं. परतीच्या होडीत मात्र ते वाक्य माझ्या शेजारी येऊन बसलं, आणि नंतर कितीतरी दिवस उठायला तयार नव्हतं.

होय खोटं नव्हतं.

उलट त्या एका ‘होय’च्या मागे किती जण राबले होते ते मला माहीत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच कोकणात, पालघरला. तेव्हापासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं. दात बघतात, कान बघतात, वजन-उंची घेतात, डोळे तपासतात. आमच्या खाडीपलीकडे ते पथकसुद्धा होडीनंच येतं, वजनकाटा मांडीवर घेऊन. या मुलीची तपासणी तिसरीत झाली तेव्हा तिला भिंतीवरच्या तक्त्यापासून वीस फुटांवर उभं केलं होतं. तिनं वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी घडाघडा सांगितल्या. नोंद पडली, दोष निरंक. पुढच्या वर्षी पथकातल्या डॉक्टरबाईंनी तक्ता बाजूला ठेवून सहज विचारलं, वाचताना डोकं दुखतं का गं? तेव्हा ती म्हणाली, दुखतं. लिहिताना जास्त. तिचा नंबर प्लसचा निघाला. प्लस नंबरच्या मुलांना लांबचं बऱ्याचदा ठीक दिसतं, कारण कोवळ्या डोळ्याला ताण देऊन ती ते निभावून नेतात. जवळचं वाचताना मात्र दमतात. लांबच्या तक्त्यावर अशी मुलं सहज पास होतात. म्हणजे पहिल्या वर्षीची तपासणी नियमाप्रमाणे झाली होती आणि तरीही निसटली होती, दुसऱ्या वर्षीची एका जादा प्रश्नामुळे लागू पडली होती. पुढे तालुक्याला चिठ्ठी, मोठ्या दवाखान्यात दोन हेलपाटे, एकदा आई काजूच्या कारखान्यातला रोज बुडवून गेली, दुसऱ्यांदा गुरुजी स्वतःच्या मोटरसायकलवरून तिला आणि तिच्या आईला घेऊन गेले. चार महिन्यांनी चष्मा आला. निळा, दांड्यांवर चांदण्या असलेला. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात ‘चष्मा वाटप झाल्याची नोंद घेण्यात आली’ असा ठराव आहे आणि त्याखाली तिच्या आईचीही सही आहे, कारण ती समितीची सदस्य. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. तीही अट पुरी. सही कारखान्याच्या फाटकाशी घेतली होती एवढंच.

मला जे खुपत होतं ते याच्याही आधीचं होतं. घरी आल्यावर आठवलं की आदल्या वर्षीच्या भेटीत मी या मुलीचं वाचन घेतलं होतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असतात. ती शब्दांवर अडकली होती. फळ्यावरचं मात्र वाचत होती. गुरुजी म्हणाले, “फळ्यावरचं सगळी एका सुरात म्हणतात ना बाई, त्यात खपून जातं, पाठ करते ती.” मला ते पटलं. निपुण महाराष्ट्राचे दिवस, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचलं पाहिजे, मागे पडलेल्यांसाठी जादा तास. मी शेरेबुकात लिहिलं, ‘वाचनाचा सराव वाढवावा.’ गुरुजींनी इमानेइतबारे वाढवला. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तिला पुस्तक घेऊन बसवलं. डोळ्यांनी दमणाऱ्या मुलीला आम्ही दोघांनी मिळून वर्षभर आणखी दमवलं, आणि त्याची नोंद ‘उपचारात्मक अध्यापन : होय’ अशी आहे. ती माझ्या अक्षरात आहे.

मी १९९० साली नोकरीला लागले. तेव्हापासून शाळेत मुलांसाठी काय काय आलं ते पोत्यांनी आणि वह्यांनी आठवतं. १९९२ साली गरिबाघरच्या मुलींना हजेरीचा रोज एक रुपया मिळायला लागला. महिन्याच्या शेवटी बावीस-तेवीस रुपये, ते मोजताना सुट्ट्यांची मारामार. मग १९९५ च्या १५ ऑगस्टला पोषण आहार आला, पण तो आहार नव्हता, कोरडे तांदूळ होते. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो. पोती ट्रकमधून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर उतरायची, तिथून गड्यांच्या डोक्यावरून शाळेत. वर्गात तांदळाचा आणि गोणपाटाचा दमट वास, उंदरांची लेंडी, आणि व्हरांड्यात पिशव्या घेऊन बसलेली मुलं. आता जुलैत आमच्याकडे ऐंशी टक्के हजेरी म्हणजे चेष्टा आहे. लावणी चालू, व्हाळ भरलेले, साकवावरून पाणी. पलीकडच्या वाडीतली मुलं आठ-आठ दिवस येऊ शकत नाहीत. आणि तांदूळ तर जुलैतच लागतो, घरातले संपलेले असतात. मग काय करायचं? मी सगळ्यांची हजेरी ऐंशी टक्के लावली. शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनीही लावली. त्या वर्षांतली कागदं कुणी काढली तर त्याला वाटेल, धो धो पावसाच्या महिन्यात कोकणातल्या मुलांना शाळेची काय ही ओढ! योजनेचा एक हेतू होता मूल शाळेत यावं, दुसरा होता पोट भरावं. दुसरा साधायला मी पहिल्याचं माप खोटं करून टाकलं. आजही मला ते पाप वाटत नाही. पण पुढे केंद्रप्रमुख झाल्यावर दुसऱ्याच्या हजेरीपटावर बोट ठेवताना माझं बोट जरा अडखळायचं.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात सांगितलं की शिजवलेलं द्या, आणि मग शाळेत चूल आली. शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. पहिली ते पाचवीच्या मुलाला साडेचारशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं. हे आकडे आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी येतात. वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि चव रजिस्टरवर लिहायचं. मी कितीतरी शाळांची चव रजिस्टरं पाहिली, सगळीकडे ‘चव उत्तम’. वर्षानुवर्षं, पानामागून पान, कुणाच्याही हातून एकदाही मीठ जास्त पडलेलं नाही. म्हणून मी रजिस्टर शेवटी बघायला शिकले. आधी शाळेच्या मागे जायचं, जिथे मुलं ताटल्या धुतात तिथे. मोरीत भात किती आहे? फणसावर कावळे किती बसलेत? एका शाळेत मधल्या सुट्टीच्या आधीपासून कावळे ओळीनं हजर असायचे, घंटेची वाट बघत. त्यांच्यासारखा खात्रीचा अहवाल मला कुणी दिला नाही. पिवळी गिच्च खिचडी, तीही रोज; आणि पोरं घरी उकड्या तांदळाच्या पेजेवर आणि निस्त्याकावर, म्हणजे माशांच्या कालवणावर वाढलेली. फेकणार नाहीत तर काय करतील?

याच्या उलट एक शाळा होती किनाऱ्यावरची, रापणकर मच्छीमारांच्या वस्तीतली. तिथे कावळे नसायचे. मागे जाऊन बघितलं तर मोरी स्वच्छ. मला संशय आला, शिजवतात की नाही? शिजवत होते. बाईंनी काय केलं होतं, तर पोरांना घरून आपापली इवलीशी डबी आणायला सांगितलं होतं. कुणाच्या डबीत कालवण, कुणाच्या सुकटीची किसमूर, कुणाच्या लोणच्याची फोड. आठवड्यातले दोन दिवस खिचडी न करता शाळेत मोकळा भात आणि वेगळी आमटी. वर्गभर बांगड्याचा आणि तिरफळाचा वास, आणि ताटल्या चाटून पुसून. बाई घाबरत म्हणाल्या, “शेऱ्यात लिहू नका हं, बाहेरचे पदार्थ आणायला परवानगी नाही.” मी लिहिलं नाही. तक्त्यात ‘ठरलेल्या पाककृतीनुसार आहार’ असा रकाना होता, तो मी रिकामा ठेवला. दोन दिवसांनी तालुक्यावरून फोन आला, रकाना रिकामा का? मी म्हटलं, राहिला. आणि होय लिहिलं.

तांदळाचीच आणखी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी शाळेत पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ यायला लागला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून त्याचे पुन्हा दाणे पाडतात आणि शंभराला एक या प्रमाणात ते साध्या तांदळात मिसळतात. चांगली कल्पना आहे, आमच्या मुलींच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक असतात. एका शाळेत स्वयंपाक करणारी मावशी होती, महिना हजार रुपयांवर कितीतरी वर्षं काढलेली, पण कामाला अशी स्वच्छ की तिच्या भांड्यात तोंड दिसावं. मी एकदा तिच्याजवळ चुलीपाशी बसले होते तर तिनं आजूबाजूला बघून मला फळीवरची काचेची बरणी काढून दाखवली. अर्ध्याहून जास्त भरलेली, जरा पिवळसर, जरा वेगळ्या दाण्यांनी.

“बाई, गुरुजींक सांगूक भियालंय. ह्या तांदळात पलाष्टिक येता. धुतला की वर तरंगता. मी रोज येक येक दाणो निवडून काढतंय. पोरांच्या पोटात जाता नये.”

तीन महिन्यांचं लोह बरणीत होतं. आणि ती बरणी दाखवताना तिच्या तोंडावर जो समाधानाचा भाव होता तो मी विसरू शकत नाही. तिच्याहून प्रामाणिकपणे कुणी त्या योजनेची अंमलबजावणी करत नव्हतं. आणि नेमकी तीच त्या योजनेचा जीव काढून घेत होती. माल वेळेवर आला, वजन बरोबर, शिजला, वाढला, मुलांनी खाल्ला. सगळं होय. गावात प्लास्टिकच्या तांदळाचे व्हिडिओ फिरत होते तेव्हा तिला चुलीपाशी बसून दोन वाक्यं सांगायला कुणी गेलं नव्हतं. पत्रक आलं होतं म्हणे. मीच पुढे पाठवलं होतं.

पुढे पाठवणं हा माझ्या नोकरीतल्या शेवटच्या दहा वर्षांचा मुख्य उद्योग होता. सकाळी आंघोळीच्या आधी फोन टिणटिणायचा. ‘अतितात्काळ. सर्व केंद्रप्रमुखांनी आज दुपारी ३ पर्यंत सोबतच्या नमुन्यात माहिती सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.’ मी तो तसाच माझ्या गटावर टाकायची, वर हात जोडल्याचं चित्र जोडून. खाली माझ्या गुरुजी-बाईंचे अंगठे पडत जायचे. एका शाळेत रेंज नाही. तिथले गुरुजी मधल्या सुट्टीत वर सड्यावर जातात, तिथे एका काजूच्या झाडाखाली जांभ्याच्या गडग्यावर फोन ठेवला की दोन काड्या येतात. जेवलेल्या मुलांची संख्या तिथून भरतात. त्या झाडाला पोरं ‘ऑफिस’ म्हणतात. गुरुजी ऑफिसात गेले की खाली चारही वर्ग वाऱ्यावर. मुलांपर्यंत योजना पोचते का हे आम्हाला कळावं म्हणून गुरुजी मुलांपासून लांब जात होते, आणि हे रोज अर्धा तास.

तरी कागद नको असं मी म्हणणार नाही. कागद नव्हता तेव्हाचे दिवसही मी पाहिले आहेत. तेव्हा पोती मधल्यामध्ये कुठे जायची कुणाला पत्ता नसायचा. एकदा पटाच्या आणि पासांच्या याद्या शेजारी ठेवून बघितल्या म्हणूनच मला कळलं की एका वाडीतल्या सातवीतल्या तिघी मुलींकडे एसटीचा मोफत पास आहे, दर महिन्याला नवा होतो, आणि हजेरी मात्र आठवड्यातून तीन दिवस. जाऊन विचारलं तर सकाळची गाडी हल्ली तिठ्यावरूनच परत फिरते, वाडीपर्यंत येत नाही. तिठा अडीच किलोमीटर, मध्ये बिबट्याची भीती. गणपतीत तर गाड्या चाकरमान्यांना आणायला जातात, तेव्हा आठवडाभर तीही नाही. पास पाण्यानं भिजू नये म्हणून एकीनं प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवला होता. पास होता. गाडी नव्हती. पासाचा रकाना आमच्या तक्त्यात होता, गाडीचा दुसऱ्या कुठल्यातरी खात्याच्या तक्त्यात असेल. आम्ही अर्ज केले, सरपंचांना घेऊन आगारात गेलो, पावसाळा संपल्यावर गाडी पुन्हा वाडीत यायला लागली. तोवर तिघींपैकी एकीची शाळा सुटली होती. तिचं नाव पुढची दोन वर्षं पटावर राहिलं.

आणि पटावर नसलेलीही मुलं असतात. आंब्याच्या बागांत दिवाळीच्या सुमारास नेपाळी राखणदार येतात, पोराबाळांसकट, आणि जूनपूर्वी जातात. एका बाईंच्या वर्गात असा एक मुलगा रोज येऊन बसायचा. आधार नाही, म्हणून संगणकात नाही, म्हणून तांदळाच्या हिशेबात नाही. बाई त्याला वाढायच्या. हिशेबात पंधरा, ताटात सोळा. मी दोन्ही मोजले आणि पंधरा लिहिले. त्या मुलानं मे महिन्यात जाताना फळ्यावर मराठीत आपलं नाव लिहिलं होतं, बाईंनी ते पावसाळ्यापर्यंत पुसलं नाही. तक्त्यात तो निरंक.

तर आजी.

पुढच्या आठवड्यात माझी त्या शाळेला भेट ठरलेली नव्हती, तरी गेले. दुपारी शाळा सुटल्यावर मुलीबरोबर तिच्या घरी. चिऱ्यांची पाखाडी चढून गेलं की माडांत चार घरं, त्यातलं शेवटचं. अंगण नुकतंच सारवलेलं, एका बाजूला सोडणांचा ढीग. ओटीवर आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती, आणि डोळ्यांवर निळा, चांदण्यांचा चष्मा. तिच्या तोंडाला तो इतका लहान होता की दांड्या कानापर्यंत पोचत नव्हत्या; मागून सुतळी बांधली होती. मला हसू आवरेना. तिला वाटलं शाळेकडून कुणीतरी चष्मा परत न्यायला आलंय. तिनं हात वर नेऊन तो घट्ट धरला.

“तिका कित्याक व्हयो चष्मो? रात्री कौलावरचो उंदीर दिसता तिका. माका सुयेत दोरो घालूक गावना नाय. ह्यो घातलो आणि पयल्या फटक्यात दोरो गेलो!”

तिचं म्हणणं चुकीचं कुठे होतं? मुलगी लांबचं बघते हे तिनं स्वतः बघितलं होतं, आणि डोळ्यांची दुसरी काही परीक्षा असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात चष्मा एक, गरजवंत दोन, आणि दोघींपैकी एकीला त्याचा गुण तोंडावर दिसत होता. मी प्लस-मायनस समजवायला गेले आणि माझंच मला कळेना. शेवटी मी आजीकडची सुई मागितली आणि मुलीला म्हटलं, घाल बघू दोरा. तिनं सुई लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब. जीभ बाहेर. दोरा तोंडात ओला केला, पिळला. चार वेळा चुकला. आजी हातातलं काम टाकून बघायला लागली. मग मी आजीच्या डोक्यावरची सुतळी सोडली आणि चष्मा मुलीला घातला. दोरा गेला.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग नातीवरच चिडली. “मगे बोललंस नाय ता आधी?”

“माका वाटला, सगळ्यांकच तसाच दिसता.”

आजीनं चहा ठेवला. गुळाचा, कोरा, वर आल्याचा झणका. मी ओटीवर बसून तो पीत होते आणि मुलगी वाकळेवरचे टाके जवळून न्याहाळत होती, एकेक, जणू पहिल्यांदाच. पुढच्या आठवडी बाजारात मी आजीसाठी एकशेवीस रुपयांचा तयार चष्मा घेतला, तपकिरी दांडीचा. विक्रेत्याकडे पाच-सहा घालून बघितले, अंदाजानं. हे काही बरोबर नाही हे मला कळतं. डोळे न तपासता चष्मा घेऊ नये, आणि केंद्रप्रमुखानं वाडीवाडीतल्या आज्यांना चष्मे वाटत फिरावं असंही नाही. माझ्या केंद्रात दहा शाळा होत्या, प्रत्येक घरात सुई घेऊन जायचं तर नोकरी पुरली नसती. पण त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा गेले तेव्हा निळा चष्मा दप्तरात होता. आजीनं परत केला होता, पण आता मुलं तिला ‘ढापणी’ म्हणत होती. गुरुजींनी दोघांना ओरडून पाहिलं, तर मुलं हळू आवाजात म्हणायला लागली. मग गुरुजींनी स्वतःचा चष्मा, जो ते फोटो काढताना नेहमी खिशात घालतात, तो वर्गात घालायला सुरुवात केली. निदान ढापण्या दोन झाल्या. ती वाचायला लागली का? जरा. गोष्टीपर्यंत नाही, परिच्छेदापर्यंत आली. मी मुद्दाम पाठ्यपुस्तक दिलं नाही, ते सगळं पाठ असतं. पर्समधलं एसटीचं तिकीट आणि गावच्या पालखीचं पत्रक दिलं. तिनं पालखीच्या मुक्कामांची नावं एकेक वाचली, आपल्या वाडीचं नाव आल्यावर थांबली, वर बघून हसली, आणि डोळे चोळले. एप्रिलमध्ये एक दांडी तुटली. ती आजीनं दोऱ्यानं बांधून दिली. तुटलेल्या चष्म्याचं पुढे काय, हा रकाना मी शोधला. नव्हता.

त्या वर्षीचं शेरेबुक माझ्यापुढे आलं तेव्हा मी अर्धं पान लिहिलं. मुलीला जवळचं दिसत नव्हतं, चष्मा घरात दुसरं कुणी वापरत होतं, तांदळातले दाणे निवडून काढू नयेत हे सगळ्या मावश्यांना समक्ष सांगावं, असं बरंच काही. गुरुजींनी वाचलं आणि हळूच म्हणाले, “बाई, हे असं लिहिलंत तर वर विचारतील, मग चष्मा वाटप होय का लिहिलं?” त्यांची भीती खरी होती. प्रश्न विचारला जातो तो ज्यानं खरं सांगितलं त्याला. मी शेऱ्याच्या सुरुवातीला ‘शाळेचे काम समाधानकारक’ असं एक वाक्य घातलं आणि मग बाकीचं तसंच ठेवलं. ते अर्धं पान पुढे कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

परवा बाजारात आजी दिसली. सुक्या बांगड्यांच्या ढिगापुढे उकिडवी बसून एकेक उचलून वास घेत होती. डोळ्यांवर चष्मा. लांबून दांडीचा रंग कळेना म्हणून मी बाजूनं जाऊन बघितला. तपकिरी. मला बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तिनं मला ओळखलं, बसायला पोतं सरकवलं.

“नात काय म्हणता? चष्मो घालता मा?”

“घालता तर! सहावीत गेला आता. शाळेत जाताना घालता, बाजारात येताना घालता, मुंबयची आतेभयण इली तेव्हा रात्रीसुदा काढूक नाय.” आजीनं एक बांगडा परत ढिगावर टाकला. “वाचूक बसला काय मात्र काढून ठेवता. म्हणता, वाचताना खराब होतलो.”

मी अर्धा किलो बांगडे घेतले, गरज नसताना. मग तिथेच मिरच्यांच्या गाडीशेजारी उभं राहून नव्या शाळेतल्या तिच्या बाईंचा नंबर लावला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. दुपारचे दीड वाजले होते. बाई बहुतेक ऑफिसात निघाल्या असतील, त्यांच्या काजूच्या झाडाखाली. पाच मिनिटं थांबून मी पुन्हा लावला.